तारापूरचे गरम पाणी आणि मासळी

कुणीतरी विचारलंय की मुंबईच्या ससून डॉकवर, म्हणजे मासळी बंदरावर, बोंबील कमी दिसतात ते तारापूर अणुवीज केंद्राच्या किरणोत्सर्गामुळे का. माझ्या मते आधी गरम पाण्याचा हिशेब करा. ५४० मेगावॉटची अणुभट्टी वीज देते त्याच्या साधारण दुप्पट, सुमारे १२०० मेगावॉट उष्णता समुद्रात सोडते. ही उष्णता वाहून न्यायला समुद्राचं पाणी आत घेतात; ते ७ अंशांनीच तापवायचं तर सेकंदाला अंदाजे ४२ घनमीटर पाणी ओढावं लागतं. एवढ्या ओढीत मोठी मासळी पाणी आत घेण्याच्या तोंडावरच्या जाळीला चिकटून मरते. अंडी, पिल्लं, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) मात्र जाळीतून आरपार जातात आणि आत उष्णता, पंपाचे फटके नि क्लोरीन असा तिहेरी मार खातात. क्लोरीन लागतंच, नाहीतर पाइपात शिंपले आणि बार्नॅकल (खडकांना घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) बसून प्रवाह तुंबतो.

बाहेर पडलेलं गरम पाणी हलकं, म्हणून वरच्या थरात पसरतं. मे महिन्यात आपल्याकडे पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. त्यात ७ मिळवले की उष्ण कटिबंधातल्या जिवांना सहनशक्तीची कड गाठायला वेळ लागत नाही. थंड देशांचे आकडे इथे लावू नका, हे नेहमी विसरलं जातं.

तरी हा परिणाम गरम पाणी सोडतात त्या मुखाजवळचा. ससून डॉकचे बोंबील शोधताना मासेमारीची बारीक आसाची (बारीक भोकांची) जाळी आणि अतिमासेमारीही बघा.