'गल्लाभरू' ही शिवी की शाबासकी?

वणीकर: आमच्या तालुक्याच्या दिवाळी अंकासाठी भुताच्या सिनेमांवर लेख दिला. त्यात वाक्य आहे, 'भयपट हा पहिल्यापासून गल्लाभरू प्रकार'. म्हणजे खर्च थोडा, कमाई भरपूर, आणि पिढ्या बदलल्या तरी गर्दी तीच. अंक पाहणाऱ्या गुरुजींनी त्यावर लाल रेघ ओढली. म्हणे गल्लाभरू ही शिवी आहे आणि तुम्ही तर पानभर कौतुक करताय. मी बाजारात हा शब्द कौतुकानंही ऐकलाय. खरं काय?

दारव्ह्याचे_मास्तर: गुरुजींचं बरोबर आहे. '-भरू' आलं की तुच्छता आलीच. पोटभरू आठवा. पोट सगळेच भरतात, पण पोटभरू म्हणजे तेवढंच करणारा.

अडत्या: मास्तर, गल्ला हा फारशीतून आलेला शब्द, मूळ अर्थ धान्य. हिंदीत अजून गल्ला मंडी म्हणतात. पैशाच्या पेटीला ते नाव मागाहून पडलं. घरात धान्य भरणं वाईट कधीपासून झालं?

दारव्ह्याचे_मास्तर: मूळ अर्थावर भाषा चालत नाही, अडतेभाऊ. आज वर्तमानपत्रात गल्लाभरू छापलं की वाचणारा नाक मुरडतोच.

अचलपूरची_सून: मग 'कमाऊ' लिहा ना. कमाऊ पोरगा म्हटलं की मुलीकडचे लगेच चहा ठेवतात. आमचे सासरे बहिरमच्या यात्रेतल्या तंबू टॉकीजचं सांगतात. मधे कनात, एकीकडे बाया, एकीकडे माणसं. भुताचा खेळ मुद्दाम रात्रीचा शेवटचा ठेवायचे. पिच्चर जुना, त्यामुळे भाड्यानं स्वस्तात मिळे. ऐन वेळी जनरेटर बंद पडला की पडद्यावर काही नसतानाच लोक जास्त ओरडायचे, आणि कोणी पैसे परत मागत नसे! याला कमाऊ नाही म्हणायचं तर काय?

दारव्ह्याचे_मास्तर: ताई, कमाऊ हिंदी वळणाचा आहे. मराठीत 'कमावता'.

अडत्या: 'कमावता भयपट'! लग्नाच्या बायोडाट्यात टाका.

रीळवाला: शब्द कोणताही घ्या, हिशेब तर पाहा. रामसे बंधूंचा 'दो गज ज़मीन के नीचे' 1972 चा. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक संकलनाला, दोघं दिग्दर्शक. मजुरी घरातल्या घरात. मोठा नट नको, कारण तिकीट भुताच्या नावावर खपतं. अमेरिकेतला 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' दिग्दर्शकानं स्वतःच्याच घरात सुमारे 15 हजार डॉलरमध्ये काढला आणि 2009 मध्ये चित्रपटगृहांत आल्यावर त्यानं 19 कोटी डॉलरच्या वर धंदा केला. शिवाय दचकायला भाषा लागत नाही, दार करकरलं की झालं. म्हणून असा सिनेमा कुठल्याही मुलखात विकता येतो.

वणीकर: रीळवाले भाऊ, हे सगळं लेखात आहे. प्रश्न शब्दाचा आहे.

दारव्ह्याचे_मास्तर: त्या 15 हजारांत जाहिरात आणि वितरण धरलेलं नाही, हेही लेखात आहे ना? बुडालेल्या भयपटांचा हिशेब तर कोणीच छापत नाही.

संस्कृतप्रेमी: मुळात 'भयपट' शब्दच अपुरा आहे. 'हॉरर' ज्या लॅटिन क्रियापदातून आला त्याचा अर्थ केस ताठ उभे राहणे. त्याचा भाऊबंद म्हणजे संस्कृतातला 'हृष्' धातू. त्यावरूनच हर्ष, रोमहर्ष. भीतीनंही काटा येतो, आनंदानंही. लोक पैसे देऊन घाबरायला का जातात याचं उत्तर त्या धातूतच आहे. मी 'रोमहर्षपट' सुचवतो.

झाडीचा_पोरगा: हे बोर्डावर लिहाल तं कुत्रंबी येनार नाई तिकडं. 'भुताचा पिच्चर' लिहा, मंग पाहा गर्दी.

संस्कृतप्रेमी: म्हणजे बोर्डवाल्यानं ठरवायची का भाषा?

झाडीचा_पोरगा: तिकीट कोन काढते? तुमी का आमी? आमच्याकडं मंडईच्या, म्हंजे गावजत्रेच्या, दिवसांत रातभर नाटक चालते. तिथंबी नाव वाचूनच मानूस तिकिटाले हात घालते.

अचलपूरची_सून: पण सगळेच भुताचे नसतात. 'तुंबाड' भुताचा म्हणायचा का? तो तर हावरटपणाचा. 2018 मध्ये आला तेव्हा बेताचा चालला, 2024 मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. त्याला 'भयपट' हाच शब्द बरा.

रीळवाला: 2024 च्याच 'मुंज्या'नं तर मोठा हिरो नसताना शंभर कोटींचा टप्पा ओलांडला.

अडत्या: मुंज्या नाही हो, मुंजा! आमच्या धुऱ्यावरच्या पिंपळाला अख्खा गाव 'मुंजाचा पिंपळ' म्हणतो.

दारव्ह्याचे_मास्तर: सिनेमातलं भूत कोकणातलं आहे. तिकडं मुंज्याच म्हणतात.

वणीकर: मंडळी, अंक छापायला चाललाय. गल्लाभरू ठेवू की कमाऊ?

अडत्या: थांबा हो जरा. मास्तर, मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला पोरगा मेला तर मुंजा होतो, एवढं कोकणातही सारखंच ना? मग 'ज्या' कुठून आला?

संस्कृतप्रेमी: 'मौंजी'तला य उरला असणार.

दारव्ह्याचे_मास्तर: काहीतरीच. बाळ्या, गोंद्या, तसाच मुंज्या. हाक मारायची रीत आहे ती.

झाडीचा_पोरगा: भुताले कोन हाक मारते, मास्तर?