मदत हवी आहे: सी ड्राइव्ह भरली, पण कशाने? ११९ जीबीचा हिशोब लागत नाही

नमस्कार मंडळी,

मी घरून जीएसटी आणि टॅलीची कामं करते. लॅपटॉपवर विंडोज ११, रॅम १६ जीबी, एसएसडी २५६ जीबी. (विंडोज २३७ दाखवतं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, एवढं माहीत आहे.)

परवापासून सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय. शिल्लक १.६ जीबी. काल टॅलीचा बॅकअप अर्ध्यावर अडकला आणि २० तारखेच्या आत सात पार्ट्यांचं ३बी (जीएसटीचं मासिक विवरणपत्र) भरायचंय.

डाउनलोड्स साफ केलं, रिसायकल बिन रिकामा केला, डिस्क क्लीनअप चालवलं. चार जीबी सुटले ते दोन दिवसांत पुन्हा भरले. मग वहीच घेऊन बसले. विंडोज फोल्डर ३१, दोन्ही प्रोग्राम फाइल्स मिळून २७, माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये कंट्रोल-ए करून प्रॉपर्टीज बघितल्या तर ५८. बेरीज ११६. वापरलेली जागा २३५. बाकीचे ११९ गेले कुठे? ट्रायल बॅलन्स जुळत नसला की मला झोप येत नाही, तशी गत झालीय.

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो, आठशे द्या." व्हायरस असेल का?

प्रतिसाद १
ताई, फॉरमॅट अजिबात नको. व्हायरसही वाटत नाही. कंट्रोल-ए फक्त दिसतं तेवढंच निवडतं. तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा नावाचं लपलेलं फोल्डर असतं (प्रोग्राम आपापला डेटा तिथे ठेवतात), ते बेरजेतून सुटलं. सी ड्राइव्हच्या मुळाशीही प्रोग्रामडेटा (प्रोग्रामांचा सामायिक डेटा), पेजफाईल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाईल), हायबरफिल (हायबरनेट करताना, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करताना लागणारी फाईल) अशी मंडळी लपून बसलेली असतात.

विनडिरस्टॅट उतरवून घ्या, कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवणारा प्रोग्राम आहे, फुकट आहे. राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नेच उघडा, नाहीतर सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या विंडोजच्या कुलूपबंद फोल्डरच्या आतलं त्याला दिसत नाही. तसलाच विझट्री जास्त वेगवान आहे, पण धंद्याच्या कामाला त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो.

प्रतिसाद २
आणि काही सापडलं तरी विंडोज फोल्डरमधल्या विनएसएक्सएसला (विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा साठा) हात लावू नका. दिसतं तेवढं मोठं नसतं ते, एकच फाईल दोन ठिकाणी मोजली जाते.

धागाकर्ती
चालवलं! रंगीत चौकोनांची गोधडीच समोर आली. तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच रंगाचा. क्लिक केलं तर ॲपडेटा, रोमिंग, ॲपल कॉम्प्युटर, मोबाइलसिंक, बॅकअप. आत ००, ०१, ०२ अशी ढीगभर फोल्डरं आणि त्यांत बिनशेपटीच्या फाइली, नावं म्हणजे लांबच लांब आकडे-अक्षरं. एकूण ७१ जीबी.

म्हणजे आयफोनचा बॅकअप, पण माझ्याकडे आयफोन नाही हो! मग आठवलं. गेल्या दिवाळीत दादा आला होता, फोन एक्स्चेंजला द्यायच्या आधी "जरा तुझा लॅपटॉप दे" म्हणाला होता.

बाकीचं असं: ॲपडेटातलंच व्हॉट्सॲप, ब्राउझर वगैरे १८, हायबरफिल ६, पेजफाईल ९, सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन ९, प्रोग्रामडेटा ५. बेरीज ११८. एक जीबी किरकोळ खर्चात टाकते. ते ७१ जीबीचं फोल्डर सरळ डिलीट करू का?

प्रतिसाद १
आधी दादांना विचारा. नवीन फोनवर सगळं आलेलं असेल तर आयट्यून्समध्ये (हा बॅकअप घेणारा ॲपलचा प्रोग्राम) एडिट, प्रेफरन्सेस, डिव्हायसेस इथून तो बॅकअप काढा. ठेवायचा असेल तर अख्खं फोल्डर जसंच्या तसं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. आतलं एकही नाव बदलायचं नाही, एकही फाईल वगळायची नाही.

पेजफाईल राहू द्या. हायबरनेट वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या, ते ६ जीबी लगेच सुटतील. फास्ट स्टार्टअपही (लॅपटॉप लवकर सुरू करणारी सोय) त्याबरोबर बंद होतं, एसएसडीवर फारसा फरक जाणवत नाही. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमध्ये बहुतेक रिस्टोअर पॉइंट (बिघाड झाला तर मागे जायला विंडोजने ठेवलेल्या प्रती) असतील. सिस्टम प्रोटेक्शनमध्ये जाऊन त्यांची मर्यादा कमी करता येते.

धागाकर्ती
दादाला फोन केला. म्हणे, "थांब, काढू नकोस, बाबांच्या पंच्याहत्तरीचे व्हिडिओ त्यातच आहेत." बॅकअपला पासवर्ड घातलाय आणि तो काही केल्या त्याला आठवत नाही. रात्री हार्ड डिस्कवर कॉपी लावली आहे, छोट्या फाइली इतक्या की अजून चाललीय. हायबरफिल मात्र काढून टाकलं, त्या सहा जीबीत टॅलीचा बॅकअप बसला. सातपैकी दोन पार्ट्यांचं ३बी झालं.

आयफोनच्या बॅकअपचा विसरलेला पासवर्ड कुणाला कधी सापडलाय का?