शब्दचर्चा : तारामाशातल्या सॅपोनिनला ‘विष’ म्हणावं का?

प्रश्न :
मी सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. तारामाशाच्या अंगातल्या सॅपोनिनांवर, म्हणजे पाण्यात फेस आणणाऱ्या द्रव्यांवर, मुलांसाठी मराठीत टिपण लिहायला घेतलं आहे. सहकारी म्हणतात, सरळ ‘तारामाशाचं विष’ लिहा. मला ते पटत नाही. ‘फेनद्रव्य’ चालेल का?

प्रतिसाद :
ताई, ‘विष’ नकोच. विष म्हटलं की आपल्याला साप-विंचू आठवतात, आणि साधा तारामासा कुणाला डसत नाही. हे द्रव्य त्याच्या कातडीत आणि आतल्या अवयवांत असतं. काटेरी मुकुटासारखा दिसणारा अकँथास्टर हा तारामासा मात्र वेगळा. त्याचा काटा टोचला की विष अंगात जातं, जखम ठणकते, सुजते. तिथे ‘विष’ हाच शब्द योग्य.

सॅपोनिन हे नाव साबणाच्या लॅटिन नावावरून, ‘सापो’वरून आलं. रेणूचं एक टोक स्टेरॉइडचं, ते तेलकट पदार्थात मिसळतं. दुसरीकडे शर्करांची साखळी, ती पाण्यात विरघळते. म्हणून फेस होतो. वनस्पतींत ही द्रव्यं भरपूर, प्राण्यांत मात्र मुख्यतः तारामासे आणि समुद्रकाकड्यांत. तारामाशातल्यांना अ‍ॅस्टेरोसॅपोनिन म्हणतात, आणि त्यांच्या रेणूला सल्फेटचा गटही जोडलेला असतो.

आता परिणाम बघा. पेशीच्या पातळ आवरणातल्या कोलेस्टेरॉलला हे रेणू चिकटतात आणि आवरणाला भोकं पडतात. रक्तात मिसळले तर तांबड्या पेशी फुटतात. माशांना कल्ल्यांवाटे बाधतात. मग तारामासा स्वतः कसा वाचतो? त्याच्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल फार थोडं, त्याऐवजी वेगळ्या घडणीची स्टेरॉलं असतात. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, टिपणात ती जरूर घ्या.

शिवाय काही शिंपले आणि शंखातल्या गोगलगायी या द्रव्याची चाहूल लागताच पळ काढतात. त्यांच्यासाठी तो धोक्याचा इशारा. प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवरही याचा मारक परिणाम दिसला आहे, पण ते निरोगी रक्तपेशीही फोडतं, त्यामुळे ‘औषध’ म्हणायची घाई नको. एकच द्रव्य कुणाला बाधतं, कुणाला सावध करतं. त्याला ‘विष’ नाव दिलं की बाकीचं सगळं झाकलं जातं.

दुसरा प्रतिसाद :
आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. आमच्याकडे रिठ्याला कुंकुडुकाया म्हणतात, शेजारच्या कन्नड घरांत अंटवाळ. वर्गात तिन्ही भाषांची मुलं असतील, तर रिठ्यापासूनच सुरुवात करा. सोनाराकडे दागिने धुताना त्याचा फेस बहुतेकांनी पाहिलेला असतो. रिठा ठेचून पाण्यात टाकला की मासे गुंगतात, हेही सांगता येईल. संस्कृतात रिठ्याला अरिष्ट आणि फेनिल अशी दोन नावं आहेत, अमरकोशात ती शेजारी-शेजारी सापडतात. ‘फेनिल’ तयारच असताना ‘फेनद्रव्य’ कशाला घडवायचं?

पहिल्या प्रतिसादकाकडून :
‘फेनिल’ ऐकायला गोड आहे, तरी मी परिभाषेत तो घेणार नाही. आज आपण तो विशेषण म्हणून वापरतो, फेनिल लाटा म्हणतो. ‘तारामाशातलं फेनिल’ वाचून मुलं फेसाळ समुद्रच डोळ्यांसमोर आणतील. शिवाय फेस येतो तो परीक्षानळी हलवल्यावर. समुद्राच्या तळाशी तारामासा काही फेस काढत बसत नाही. सॅपोनिन हाच शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘रिठ्यात असतं त्याच जातीचं, फेस आणणारं द्रव्य’ एवढं जोडा.

प्रश्नकर्ती :
पटलं. सॅपोनिनच ठेवते. पण तारामाशातलं १-मिथिलअ‍ॅडेनीनही टिपणात आहे, १९६९मध्ये जपानमध्ये कानातानी यांनी ओळखलेलं. अंडाशयातच तयार होऊन ते अंडी पक्व करतं. त्याला काय म्हणू?

पहिल्या प्रतिसादकाकडून :
त्याला बिनधास्त ‘संप्रेरक’ म्हणा. सॅपोनिनांशी त्याचा रासायनिक संबंध नाही, म्हणून दोन्ही एका परिच्छेदात घालू नका.