मदत हवी आहे: चित्रं आणि म्युझिकमधून डिप्रेशन समजून घ्यायचंय

धाकट्या बहिणीला डिप्रेशन आहे, औषधं, काउन्सेलिंग सगळं चालू आहे पण तिला आतून नेमकं काय होतं ते मला कळतच नव्हतं. परवा तिने व्हॅन गॉगची चित्रं दाखवली, १८८९ मध्ये तो स्वतःहून सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात राहिला होता तेव्हाची, त्यात खिडकीतून दिसणारं, भिंतीने वेढलेलं गव्हाचं शेत आहे, त्यावर बोट ठेवून म्हणाली, मला असंच वाटतं, सगळं दिसतं पण मध्ये भिंत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी कळलं हो. आता तिच्यासोबत बसून म्युझिकपण ऐकायचंय, पण उदास सुरांनी त्रास वाढतो की उलट मोकळं वाटतं? घरच्या माणसासोबत कोणी असं केलंय का, सुरुवात कशी केलीत, प्लीज सांगा.