मदत हवी आहे : सत्काराच्या पैशातून ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांना संशोधन निधी

आमच्या दोन ज्येष्ठ शिक्षिकांचा सत्कार २७ ऑक्टोबरला, जागतिक ऑक्युपेशनल थेरपी (आजार किंवा अपंगत्व असूनही रोजची कामं करता यावीत यासाठीची उपचारपद्धती) दिनी करायचा आहे. माजी विद्यार्थ्यांकडून २ लाख रुपये जमलेत. शाल-श्रीफळ नको, त्या पैशातून मुलांना संशोधन करू द्या, असं दोघींनीच बजावलंय. (सभागृहवाल्याला 'ओटी' म्हटलं तर तो ऑपरेशन थिएटर समजला, ते असो.) कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं. एवढी जुनी परंपरा, पण पदवीच्या मुलांना प्रकल्पासाठी हातात पैसे मिळणं अजून कठीणच.

कॉलेजला विचारलं, तर रक्कम सर्वसाधारण खात्यात जमा होईल म्हणाले. मुदत ठेवीचं व्याज वर्षाला एका मुलाला देण्याचा हिशेब मांडला, तर त्यात प्रवासखर्च आणि छपाई जेमतेम भागते. तयार मूल्यमापन चाचण्यांचे परवाने घ्यायचे तर संपलंच. नोंदणीकृत संस्था काढायला आमच्यात कुणाला वेळ नाही. शोधनिबंधाला बक्षीस नकोय. काम सुरू होण्याआधी आधार द्यायचाय.

खरी अडचण वेळेची. इंटर्नशिप सहा महिन्यांची, आणि एथिक्स कमिटीच्या (संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे ना, हे तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीतच बरेच आठवडे जातात. मंजुरीआधी पैसे द्यावेत तर प्रस्ताव अडकला की काय करायचं? नंतर द्यावेत तर मूल इंटर्नशिप संपवून घरी.

फिजिओ, नर्सिंग, कुठल्याही शाखेत असा छोटा निधी कुणी चालवला असेल तर सांगा: पैसे कुणाच्या खात्यात ठेवलेत, आणि पहिला हप्ता नेमका कधी दिलात?