मदत हवी आहे: गाभण गिनीपिग फार घाबरते, काय करू? (ठाणे)

घोडबंदरवाली
जाणकारांनी लवकर सांगा प्लीज. घरी गिनीपिग आणली आहे, ती गाभण निघाली. दिवसभर बुटांच्या खोक्यात घुसून बसते. हात नेला की थिजते, नाहीतर पिंजऱ्यावर धडकत पळते. पिल्लं व्हायच्या आत तिला माणसांची सवय लागायला हवी ना? नाहीतर पिल्लांना हात कसा लावणार? एका व्हिडिओत रोज मांडीवर घेऊन बसा म्हणून सांगितलंय, पण घेतलं की किंचाळते. व्हिडिओ सगळे परदेशातले, त्यातलं सामान इथे मिळत नाही. कुत्र्यामांजरांच्या धाग्यांच्या लिंका देऊ नका, वाचून झाल्यात.

दाणापाणी
वय? वजन? कुठून आणली? सोबत नर आहे का? काय खाते? पिंजरा कुठे ठेवलाय? गाभण आहे हे कोणी सांगितलं? एवढं तरी लिहा, अंदाजपंचे काय सांगणार.

कल्याणचा_ससेवाला
आमच्याकडे ससे आहेत. सशीण व्यायच्या आधी स्वतःच्या अंगाचे केस उपटून घरटं करते, तेव्हा पिंजऱ्यात लाकडी पेटी ठेवा आणि भरपूर पेंढा द्या. पिल्लं आंधळी नि उघडी असतात, त्यांना दहा-बारा दिवस अजिबात उघडं करू नका.

घोडबंदरवाली
@दाणापाणी, सोसायटीतलं एक कुटुंब बदली होऊन गेलं, ते जाताना हिला पिंजऱ्यासकट कचऱ्याच्या खोलीपाशी ठेवून गेले. मी मांजरांना खायला घालते म्हणून वॉचमनकाकांनी मला फोन केला. वय माहीत नाही, वजन केलं नाही. एकटीच होती. गाभण आहे हे आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं, ते कुत्री-मांजरीच बघतात. आता पोटात काहीतरी हलतानाही दिसतं. काकडी, गाजर खाते.

ऐरोलीची_आत्या
ताई, माणसाळवण्याचं डोक्यातून काढा. पोटात हलताना दिसतंय म्हणजे दिवस भरत आलेत. आता उचलणं, मांडीवर घेणं, आंघोळ, नखं कापणं, सगळं बंद. उचलायची वेळ आलीच तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पोटावर दाब नाही. त्यापेक्षा डबा आडवा धरा, ती आपणहून आत शिरेल, मग डबा उचला.

पिल्लांची काळजी नको. सशासारखं नसतं (@ससेवाला, तुमचं सशापुरतं बरोबर आहे, पण इथे लागू नाही). गिनीपिगची पिल्लं अंगावर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊन जन्मतात. काही तासांत आईमागे पळतात आणि दूध चालू असतानाच पहिल्या-दुसऱ्या दिवशी गवत कुरतडायला लागतात. म्हणून तर गर्भ ५९ ते ७२ दिवस पोटात असतो. उंदराचे जेमतेम २० दिवस. अशी पिल्लं लहानपणापासून हळूहळू हाताळली की लवकर माणसाळतात.

गिनीपिग हे शिकार होणारं जनावर आहे. वरून हात आला की त्याच्या लेखी घारच आली. तुम्ही फक्त शेजारी बसा, फोन बघा, तिच्याकडे बघू नका.

आणि दाणापाणींनी विचारलेलं राहिलंच. पिंजरा कुठे आहे?

माजिवड्याचा_माणूस
सरळ परळला बैलघोडा हॉस्पिटलमध्ये न्या. जुनी नावाजलेली जागा, आवारातच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ सालचं. ठाण्यातल्या गल्लीबोळातल्या डॉक्टरांच्या नादी कशाला लागता?

दाणापाणी
घोडबंदर रोडवरून परळ? मे महिन्यात? भरल्या पोटाची गिनीपिग रिक्षात घालून माजिवड्याच्या पुलाखाली तासभर अडकली की परळला पोचायच्या आत खेळ संपेल. २७-२८ अंशांच्या वर या प्राण्यांना उन्हाचा त्रास सुरू होतो. घाम येत नाही त्यांना. ठाण्यातच ‘एक्झॉटिक’ (म्हणजे कुत्री-मांजरी सोडून इतर पाळीव प्राणी) बघणारा डॉक्टर शोधा.

माजिवड्याचा_माणूस
पुलाखाली मी रोज अडकतो, मेलो नाही अजून.

दाणापाणी
तुम्ही गाभण नाही आहात.

घोडबंदरवाली
भांडू नका हो. पिंजरा बाल्कनीत आहे, अजून कुठे असणार. आत जागा कुठे आहे, वन बीएचके आहे. वॉशिंग मशीनच्या शेजारी सावली असते, तिथे ठेवलाय. खाली जाळी आहे म्हणून सुताराकडचा भुसा टाकलाय.

ऐरोलीची_आत्या
मशीनच्या शेजारी!

मशीन स्पिनला लागलं की काय आवाज होतो ते खाली बसून, कान पिंजऱ्याच्या उंचीला नेऊन ऐका एकदा. फरशी थरथरते ती वेगळीच. ती घाबरट नाहीये बाई, तिच्या जागी मीही खोक्यात शिरले असते.

आज, आत्ता पिंजरा आत घ्या. बेडरूमचा कोपरा, दोन बाजूंना भिंत, जमिनीवर, पंख्याचा झोत थेट अंगावर नको. दुपारी एसी लावत असाल तर तीच खोली. एसी नसेल तर बाटलीत पाण्याचा बर्फ करा, जाड नॅपकिनमध्ये गुंडाळून पिंजऱ्यात एका बाजूला ठेवा, हवं तर टेकेल. जाळीवर पुठ्ठा, त्यावर जुना टॉवेल. नुसत्या जाळीत पिल्लांचे पाय अडकतात आणि हिच्याही तळव्यांना जखमा होतात. सुताराचा भुसा आजच फेका, त्यात प्लायची धूळ असते. आणि लपायला दोन खोकी द्या. प्रत्येक खोक्याला दोन दारं हवीत, कोंडल्यासारखं वाटता कामा नये.

कबुतरग्रस्त
बाल्कनीला जाळी आहे का? नसेल तर कबुतरं पिंजऱ्यावर घाण करतात. आमच्याकडे नायलॉनची लावली होती, ती उन्हानं दोन उन्हाळ्यांत भुगा झाली. चांगली जाळी लावणारा ठाण्यात कोणी माहीत आहे का?

बोरूबहाद्दर
झालं, कबुतरं आली. आता दादरचा कबुतरखाना येईल आणि धाग्याचं काश्मीर होईल. बसतो पॉपकॉर्न घेऊन.

घोडबंदरवाली
पिंजरा आत घेतला. भुशाचं पटतंय, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यासाठी डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलंय, उद्या सकाळपासून सुरू करायचंय. ते पाण्यातून दिलं तर चालेल का? सिरिंजला तोंड लावत नाही.

ऐरोलीची_आत्या
थांबा. देऊ नका. पाण्यातूनही नाही, सिरिंजनंही नाही.

माजिवड्याचा_माणूस
हे बरोबर नाही. डॉक्टरांनी बघून औषध लिहिलंय आणि इथे टोपणनावाच्या आत्या ते बंद करायला सांगतात? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

दाणापाणी
आत्यांशी सहमत. हे कोणाचं मत वगैरे नाही, जनावरांच्या औषधशास्त्रातली पाठ्यपुस्तकातली गोष्ट आहे. पेनिसिलिनच्या जातीची औषधं (ॲमॉक्सिसिलिन त्यातलंच) गिनीपिगला तोंडावाटे दिली की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे घातक जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषानं जनावर काही दिवसांत जातं. कुत्र्याला, मांजराला हेच औषध बिनधास्त चालतं, म्हणून फक्त कुत्री-मांजरी बघणाऱ्याच्या हातून लिहिलं जाऊ शकतं. डॉक्टर वाईट आहेत असं कोणी म्हणत नाहीये. जबाबदारीचंच म्हणाल तर गिनीपिग बघणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारा, ते सांगतील. तोवर बाटली बंद.

ताई, फोनवर तीन गोष्टी विचारा. गिनीपिग नेहमी बघता का? रात्री अडली तर कोणाला फोन करायचा? सिझेरियन करता का? तिसऱ्यावर अडखळले तर दुसरा नंबर.

घोडबंदरवाली
सिझेरियन???

दाणापाणी
घाबरवायचं नव्हतं, पण वय विचारलं ते याचसाठी. मादीच्या कमरेच्या हाडांचा पुढचा सांधा बाळंतपणाच्या वेळी बोटभर उघडतो. पहिली वेत सहा-सात महिन्यांच्या वयाच्या आत झाली नसेल तर तो सांधा घट्ट होऊन बसतो. मग उशिराच्या पहिल्या खेपेला पिल्लू अडकतं. हिची पहिली खेप आहे की आधी व्याली आहे, आपल्याला माहीत नाही. डॉक्टर हात लावून आणि एक्सरे काढून सांगू शकतात, शेवटच्या आठवड्यांत पिल्लांची हाडं दिसतात. तुम्ही स्वतः चाचपू नका.

ठाणेकर_मावशी
अगं आमच्या घरी गाईला बाळंतपणात गूळ, बाजरी, मेथी शिजवून घालायचे. हिलाही थोडा डिंकाचा लाडू कुस्करून दे, अंगात ताकद येईल. लेकुरवाळी होणार आहे, नुसत्या काकडीवर काय ठेवतेस!

ऐरोलीची_आत्या
मावशी, मायेनं सांगताय हे कळतंय, पण लाडू नको. तूप, साखर, धान्य हिच्या आतड्याला चालत नाही. पण काकडीचं बोललात ते बरोबर, ती म्हणजे नुसतं पाणी. गाजरही गोड, एखादी चकती पुरे.

मुख्य खाणं गवत, दिवसरात्र समोर हवं. टिमोथी नावाच्या सुक्या गवताची पाकिटं ऑनलाइन येतात. तोवर ओली हरळी द्या. जांभळी नाक्यावर फुलवाल्यांकडे दुर्वांच्या जुड्या मिळतात, त्या दोरा सोडून तीन-चार पाण्यांत धुवा आणि निथळून द्या. कुंकू किंवा हार लागलेल्या नकोत, नाल्याकाठच्या तर अजिबात नकोत. तबेल्यांना चारा देणारा कोणी ओळखीचा असेल तर मूठभर लसूणघास (अल्फाल्फा, लसणाशी याचा संबंध नाही) मागा. त्यात कॅल्शियम जास्त असतं, गाभणपणात आणि दूध पाजताना चालतं, एरवी मोठ्या गिनीपिगला नको.

दुसरं, सी जीवनसत्त्व. माणसासारखंच यांच्या शरीरात ते तयार होत नाही, खाण्यातूनच जावं लागतं. एरवी किलोमागे रोज १० ते २० मिलिग्रॅम, गाभण असताना ३० च्या आसपास. रोज ढोबळी मिरचीची एक मोठी फोड (बिया काढून), कोथिंबिरीच्या दोन-चार काड्या, कधी पेरूचा छोटा तुकडा. पालक रोज नको. कांदा, लसूण, बटाटा कधीच नाही.

माजिवड्याचा_माणूस
मेडिकलमधली सी व्हिटॅमिनची चघळायची गोळी पाण्यात विरघळवून ठेवा, एवढा भाजीबाजार कशाला?

ऐरोलीची_आत्या
त्या गोळीत ५०० मिलिग्रॅम आणि भरपूर साखर. शिवाय पाण्यात ते टिकत नाही, आणि पाण्याची चव बदलली की ही पाणीच सोडेल. ढोबळी मिरची गावदेवी मंडईत मिळते हो, परळला जावं लागत नाही.

घोडबंदरवाली
गिनीपिग बघणाऱ्या डॉक्टर मिळाल्या, ठाण्यातच. सकाळी उन्हाच्या आत डब्यात घालून नेली. सिरप नकोच म्हणाल्या, डोळ्यांत टाकायला थेंब दिले आणि धूळ टाळायला सांगितलं. एक्सरेत तीन पिल्लं आहेत. सांधा थोडा उघडायला लागलाय म्हणाल्या, म्हणजे बहुतेक अडचण नाही, पण रात्रीचा नंबर दिलाय. वजन रोज करायला सांगितलंय. आणि बेडरूममध्ये आल्यापासून काल रात्री मी खाली बसून फोन बघत होते तर ही खोक्यातून अर्धी बाहेर आली, कोथिंबिरीची काडी ओढून नेली आणि आत बसून मचमच खाल्ली. देठासकट.

आता सांगा, सुरू झालं हे कसं कळणार? रात्रभर जागायचं का?

दाणापाणी
जागलात तरी बहुतेक चुकवालच, अर्ध्या-पाऊण तासात उरकतात. घरटं करत नाहीत, त्यामुळे आधी खूण कळत नाही. बसल्या बसल्या पाय फाकवून, डोकं पोटाखाली घालून पिल्लू दातांनी ओढून घेते आणि चाटते. पिल्लामागून पडणारी वारही खाते, घाबरू नका. लक्षात ठेवायचं ते एवढंच: कळा देतेय आणि १५-२० मिनिटांत पिल्लू येत नाही, किंवा खूप रक्त येतंय, तर लगेच डॉक्टर. वाट बघू नका.

त्याहून जास्त धोका खाणं सोडण्याचा. बाळंतपणाआधीचे दोन-तीन आठवडे आणि नंतरचा एक, या काळात गिनीपिगनं खाणं टाकलं, सुस्त पडली, तर रक्तात विष साठतं (टॉक्सिमिया) आणि एका दिवसात जाते. जाड मादीला जास्त भीती. म्हणून रोजचं वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोच डबा ठेवून करा. चढतं राहिलं तर ठीक, घसरलं तर फोन.

कल्याणचा_ससेवाला
पिल्लं झाली की नर वेगळा करा हां. सशात व्याल्याच दिवशी परत गाभण राहते.

ऐरोलीची_आत्या
हे मात्र गिनीपिगलाही तंतोतंत लागू, काही तासांतच परत माजावर येते. हिच्यापाशी नर नाही म्हणून वाचलो. पण पिल्लांत नर असले तर तीन आठवड्यांचे झाले की वेगळे काढायचे, आईपासूनही आणि बहिणींपासूनही. नर-मादी ओळखायला डॉक्टरांकडेच न्या. घरी ओळखलेल्या ‘दोन मादी’ आमच्या एका ओळखीच्यांकडे सात झाल्या.

वर्तकनगर_बाबा
छान धागा. पिल्लं झाली की एक मला द्या. मुलाचा वाढदिवस आहे जूनमध्ये, त्याला सरप्राइज.

बोरूबहाद्दर
एकटं ठेवणार? कळपातलं जनावर आहे ते. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकटं पाळायला कायद्यानंच बंदी आहे.

वर्तकनगर_बाबा
वर्तकनगर स्वित्झर्लंडमध्ये कधीपासून?

घोडबंदरवाली
अजून व्याली नाही, वाटप कसलं करताय. वाढदिवसाला तर नाहीच देणार. दिली तर जोडीनं देईन, दोन माद्या किंवा दोन नर, आणि घर बघून. पिंजरा कुठे ठेवणार ते आधी लिहा.

वर्तकनगर_बाबा
बाल्कनीत.

कबुतरग्रस्त
जाळीवाल्याचं कोणी सांगितलंच नाही.