मदत हवी आहे: लहान लेकराचा व्हायरल लोड (रक्तात एचआयव्हीचे विषाणू किती ते) थोड्या रक्तात मोजता येतो का?

नमस्कार. बीड जिल्ह्यातून लिहितेय. बहिणीचा मुलगा चार वर्षांचा आहे, जन्मापासून एचआयव्ही. औषध एकदाही चुकू दिलेलं नाही. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाची पाण्यात विरघळणारी गोळी मिळायला लागली तेव्हापासून औषधाच्या वेळचं रडणंही थांबलं. वजन वाढतंय, अंगणवाडीत जातो.

अडचण रक्ताची आहे. त्याची शीरच सापडत नाही. कोपरात टोचतात, मग मनगटावर, मग पायावर. रक्त थेंबाथेंबानं येतं, नळी भरेपर्यंत गोठतं, आणि नंतर फोन येतो की सॅम्पल बाद झालं, परत या. एक दिवसाची मजुरी बुडते त्याचं काही नाही, पण एसटीत बसल्यापासून लेकरू दोन्ही हात पोटाशी धरून बसतं, ते बघवत नाही.

दीड महिन्याचा होता तेव्हा टाचेला टोचून कागदावर रक्ताचे ठिपके घेतले होते, तेवढ्यावर निदान झालं. मग आता लोड तसाच का मोजत नाहीत? बहीण-दाजी यंदा त्याला ऊसतोडीला सोबत न्यायचं म्हणतात. त्याआधी रिपोर्ट हातात हवा. कुणाला माहिती असेल तर सांगा.

प्रतिसाद १ (लॅबमध्ये काम करतो)
ताई, टाचेच्या ठिपक्यांवरून विषाणू आहे की नाही एवढंच बघतात. लोड म्हणजे एक मिली प्लाझ्मात (रक्तपेशी वगळून उरलेल्या पातळ भागात) विषाणूच्या किती प्रती, हे मोजायचं असतं. एका ठिपक्यात मिलीच्या दहाव्या भागाइतकंही रक्त नसतं, त्यामुळे कमी लोड निसटतो. शिवाय त्यात रक्तपेशीही येतात, त्यांच्यातल्या विषाणूमुळे आकडा फुगू शकतो. तरी १००० च्या वर आहे की खाली, एवढं ठिपक्यांवरून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं ते मान्य केलंय, पण सोय सगळीकडे नाही. तुमच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, स्पष्ट विचारा.

प्लाझ्मा कमी असेल तर काही ठिकाणी पातळ करून मोजतात आणि आकडा तेवढ्या पटीत वाढवतात. म्हणून 'सॅम्पल गोठलं' की 'कमी पडलं', हे नक्की विचारून घ्या. गोठत असेल तर जांभळ्या झाकणाची नळी रक्त घेतल्या घेतल्या हळूच आठ-दहा वेळा उलटीपालटी करायला सांगा. जोरात हलवू देऊ नका.

प्रतिसाद २ (नांदेड, एका मुलीची आई)
उपाशी नेऊ नका गं, या तपासणीला उपाशीपोटी लागत नाही. सकाळपासून भरपूर पाणी पाजा, हात कोमट पाण्यात धरा. बालरोग विभागातली सिस्टर बारीक बटरफ्लाय सुई वापरते, तिच्याकडूनच घ्या म्हणून समुपदेशकांना सांगा. माझ्या लेकीचं तसंच जमलं. बाकीच्या तपासण्याही त्याच टोचण्यात उरकायला सांगा. ताप असेल तर तारीख पुढं ढकला, आजारपणात लोड थोडा वर दिसू शकतो. आणि ऊसतोडीला जायच्या आधी सेंटरला कळवा. उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक सोबत असू दे, कारखान्याजवळच्या सेंटरवरून गोळ्या घेता येतील का ते आत्ताच विचारून ठेवा.